माया हवीच, पण हातही शिकलेला हवा
“म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला शिक्षण कशाला, माणसात माया असली की पुरे,” असं एका ताईंनी लिहिलंय. माया हवीच, त्याशिवाय इथे चार दिवससुद्धा निघत नाहीत. पण सतत पडून राहून पाठीला होणाऱ्या जखमा नुसत्या मायेनं थांबत नाहीत. मी बोरिवलीच्या एका वृद्धाश्रमात ६ वर्षं १२ तासांची ड्युटी करतेय. अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. तेव्हाच माकडहाड, खुबे, टाचा बघून घ्यायच्या. लाल डाग बोटानं दाबून पाहायचा. दाबूनही लालच राहिला तर जखम सुरू झाली समजायचं आणि लगेच सिस्टरना सांगायचं. तिथे चोळायचं अजिबात नाही (घरोघरी तेल लावून चोळतात, म्हणून मुद्दाम लिहिते). सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, मग जागा गरम किंवा कडक लागते का ते हातानं बघायचं. हे मला आमच्या जुन्या मावशींनी शिकवलं.

पावसात लोकल बंद पडल्या की पुढच्या पाळीची बाई येत नाही, आम्हीच थांबतो. अशा रात्री पाय भरून येतात, तरी कुशीची वेळ चुकवत नाही.