मिटिंग चालू असताना लॅपटॉप उघडा: चालतं की खटकतं?

शाईपेन
आमच्या टीममध्ये नव्याने आलेली एक मुलगी गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच मिटिंगमध्ये स्वतःचं काम मांडत होती. दोन महिन्यांच्या हिशेबात एक रक्कम जुळत नव्हती. ती कुठे अडकली आहे हे तिने खपून शोधून काढलं होतं. टेबलाभोवती आम्ही आठ जण आणि सात लॅपटॉप उघडे. ती बोलत होती आणि कीबोर्डची टकटक चालू होती. तिसऱ्या स्लाइडवर तिने विचारलं, "इथपर्यंत ठीक आहे ना?" एकानेही मान वर केली नाही. ती क्षणभर थांबली, मग उरलेलं सगळं भराभर वाचून खाली बसली. त्यावर साहेबांनी विचारलं, "मग फरक नक्की कुठे आहे?" दहा मिनिटं ती तेच तर सांगत होती!

त्या सातांपैकी एक लॅपटॉप माझा होता. मी एका मेलला उत्तर देत होते, ते तासाभराने दिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. म्हणूनच हा विषय काढतेय.

माझं मत असं: समोर माणूस बोलत असेल तर झाकण बंद. अपवाद फक्त दोघांचा, जो मांडतोय त्याचा आणि जो नोंदी घेतोय त्याचा. "कान इकडेच आहेत" हे खरं नसतं. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हेच दाखवलं होतं की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो. म्हणजे दोन ओळींचा मेल पाठवून झाला तरी माणूस मिटिंगमध्ये पूर्ण परत आलेला नसतो.

डेडलाइन
पूर्ण असहमत. त्या मुलीबद्दल वाईट वाटलं, पण दोष लॅपटॉपचा नाही. मला दिवसाला पाच मिटिंगांची निमंत्रणं येतात, त्यातल्या दोनच माझ्या कामाच्या. उरलेल्या तिन्हींत माझा विषय चार मिनिटांचा आणि बसायचं पाऊण तास. विषयपत्रिका नाही, कुणाकडून काय हवंय ते लिहिलेलं नाही, उगाच कुणी राहायला नको म्हणून बारा जणांना बोलावलेलं. हा उद्धटपणा नाही का? माझा वेळ न विचारता घेतला जातो आणि वर मी हात बांधून बसावं ही अपेक्षा.

स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीत रोजच्या मिटिंगला १५ मिनिटांची मर्यादा असते. आमच्याकडे तीच पाऊण तास चालते, कारण साहेब एकेकाला उभं करून जाब विचारतात. तेवढ्या वेळात मी काम उरकलं नाही तर रात्री घरी बसून करावं लागतं. मग माझ्या घरच्यांचा मान कुणी राखायचा?

दौत
शाईपेन यांना +१. नोंदी घ्यायच्या तर वहीत घ्या. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानं दाखवून प्रयोग केला होता. टाइप करणारे बोलणं शब्दशः उतरवत गेले आणि समजुतीच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडले.

टाचण
दौत, हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा इतका स्पष्ट फरक दिसला नाही. शिवाय व्याख्यान ऐकणं वेगळं आणि मिटिंग वेगळी. चार वर्षं आमच्या टीमचं इतिवृत्त मी लिहितोय. कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे तिथल्या तिथे टाइप करून मिटिंग संपायच्या आत सगळ्यांना पाठवतो. वहीत लिहिलं असतं तर ते संध्याकाळी गेलं असतं, आणि तोवर प्रत्येकाला आपापलं सोयीचं आठवायला लागलेलं असतं.

कानोसा
मला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. चार-पाच जण एकदम बोलायला लागले की माझा आधार म्हणजे लॅपटॉपवर उमटणारी बोलण्याची अक्षरं. मागच्या नोकरीत एकदा "सगळ्यांनी झाकणं बंद करा" असा हुकूम निघाला. मी केलं नाही. पुन्हा सांगितलं गेलं, या वेळी माझं नाव घेऊन. मग पंधरा जणांसमोर मला माझ्या कानाबद्दल सांगावं लागलं. खोली एकदम गप्प झाली. त्यानंतर महिनाभर लोक माझ्याशी विनाकारण मोठ्याने बोलत होते.

शाईपेन, तुमची तळमळ समजते. पण तुमच्या दोन अपवादांत मी कुठेच बसत नाही.

शाईपेन
कानोसा, तुमचं म्हणणं मला बिनशर्त मान्य आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याला लॅपटॉप लागतो त्याने उघडावा आणि का, हे कुणी विचारू नये. टाचण, तुमचंही पटलं, आणि तसंही नोंदी घेणाऱ्याला मी सूट दिलीच होती.

डेडलाइन, तुमचं मात्र अर्धंच पटतं. निमंत्रण चुकीचं असेल तर आधीच कळवा की माझी गरज नाही. पण आत येऊन बसलात की समोरच्याला ते तुमचं पाठ फिरवणंच वाटतं. त्या मुलीने तुम्हाला बोलावलेलं नसतं हो!

डेडलाइन
"माझी गरज नाही" हे वरिष्ठांना कळवणं सगळ्यांना परवडत नाही. मी दोनदा कळवलं. वार्षिक आढाव्यात "टीममध्ये मिसळत नाही" असा शेरा आला.

मधली फळी
मी दहा जणांची टीम सांभाळते, म्हणून लिहिते. नियमाची सुरुवात वरून झाली नाही तर तो टिकत नाही. मी लोकांना लॅपटॉप बंद करायला सांगत होते आणि स्वतः टेबलाखाली फोन बघत होते. ते सगळ्यांना दिसत होतं, फक्त मला सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

दुसरं, तोंडी सांगत बसण्यापेक्षा आधी वाचायला द्या. जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं. तिथे मिटिंगच्या सुरुवातीला सगळे जण बसून लिखित टिपण शांतपणे वाचतात. आम्ही दोन पानांवर तसं करून पाहिलं. पहिली दहा मिनिटं खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज. नंतरचे प्रश्न थेट मुद्द्यावर आले, आणि ज्यांचा विषय संपला त्यांना मी उठून जायला सांगितलं. डेडलाइन, उठून जाण्याची ही मुभा वरिष्ठांनीच द्यायची असते. तुमच्या त्या शेऱ्याचं खरंच वाईट वाटलं.

टाचण
वाचायला देताना एक पाहा. आमच्यात एकाला वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. बाकीचे पान खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. आता टिपण आदल्या दिवशीच पाठवतो.

शाईपेन
येत्या मंगळवारी ती मुलगी पुन्हा मांडणार आहे. मी साहेबांशी बोलले, त्यांनी टिपण आधी मागवायचं कबूल केलंय. लॅपटॉपबद्दल काही म्हणाले नाहीत. मी वही घेऊन तिच्या समोरच्या खुर्चीत बसणार आहे.

डेडलाइन
लॅपटॉपवर आपलं जमणार नाही. पण तिला माझ्याकडून एक सांगा. फरक कुठे आहे ते तिसऱ्या स्लाइडपर्यंत राखून ठेवू नकोस, पहिल्याच वाक्यात रकमेसकट सांग. मी तिथे असतो, तर तेवढं ऐकून माझी मान नक्की वर आली असती.