मदत हवी आहे: जीपमध्ये बोलेरोचं इंजिन, माउंट कसे बनवू?

जीपवेडा_कराड:
जीपमध्ये बोलेरोचं इंजिन टाकतोय. जुने माउंट, म्हणजे इंजिन चासीवर टेकवणारे ब्रॅकेट आणि रबर, जुळत नाहीत. फॅब्रिकेटर म्हणतो मापं द्या, मी म्हणतो तूच घे. कुणाकडे तयार ड्रॉइंग असेल तर टाका. इंजिन चेन ब्लॉकला लटकलंय आणि ब्लॉक शनिवारी परत द्यायचाय. 'आधीचे धागे वाचा' म्हणणाऱ्यांनी पुढे जावं, वाचून झालेत.

पाना_बारा:
कुठली जीप? इंजिन साधं डीआय (बिनटर्बो) की टर्बो? गिअरबॉक्स जुना ठेवताय की इंजिनाबरोबरचा? हे कळल्याशिवाय कसलं ड्रॉइंग देणार?

जीपवेडा_कराड:
महिंद्रा ५४०, अजून कुठली. टर्बो. बॉक्स इंजिनाबरोबर आलाय.

घाटरस्ता:
माझं ऐका, रबराच्या नादी लागू नका. पॉलीयुरेथेन टाका, आयुष्यभर बघायला नको.

यंत्रकिडा:
घाटरस्ता, डिझेलला पॉलीयुरेथेन घालून थरथरणाऱ्या आरशात मागची गाडी दिसते का तुम्हाला? चार सिलिंडर, ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ धक्के. ते चासीत जाऊ नयेत म्हणून इंजिन टेकवल्यावर रबर तीन-चार मिमी तरी दबलं पाहिजे. अर्धा मिमी दबलं तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) डॅशबोर्ड नाचणार.

जीपवेडा, जोराचा हिशेब आधी करा. इंजिनाचा टॉर्क (पिळण्याचा जोर) १८० न्यूटन-मीटर, पहिला गिअर साधारण ४, फोर-व्हीलची लो रेंज अडीचपट, म्हणजे १८०० च्या घरात. दोन माउंटमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर एका बाजूचं रबर ३६० किलोने दाबलं जातं आणि दुसरं तेवढ्याच जोराने वर ओढलं जातं. ओढणाऱ्या बाजूचं रबर फाटतं. त्यामुळे ब्रॅकेट असं करा की रबर तुटलं तरी इंजिन प्लेटमध्येच अडकून राहील.

जुनं_लोखंड:
पुस्तकी. आम्ही ८ मिमी प्लेट, गसेट (कोपऱ्यात तिकोनी पट्टी), ट्रॅक्टरचं रबर लावतो, काही होत नाही. फक्त चासीच्या सी-चॅनलवर आडवं सरळ वेल्डिंग मारू नका, तिथूनच चीर जाते. आणि टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून झाल्यावर रबर काढून मगच पूर्ण वेल्डिंग करा. एकाने तसंच मारलं, रबराची काजळी झाली.

नियमावली:
मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरटीओची आधी परवानगी घेतली का? आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्या, नाहीतर विमा कंपनी हात वर करेल.

जीपवेडा_कराड:
आरटीओचं विचारलं का मी? माउंटचं बोला ना.

घाटरस्ता:
माझ्या आरशात सगळं दिसतं, धन्यवाद.

केबल_वितळली:
इंजिन चासीला जोडणारी अर्थिंगची पट्टी विसरू नका! इंजिन रबरावर बसतं, मग स्टार्टरचा करंट वाट शोधत एक्सलरेटरच्या केबलीतून जातो. माझी केबल लाल झाली होती.

पाना_बारा:
सगळे माउंटवर अडकलेत. दादा, संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये किती जागा आहे?

जीपवेडा_कराड:
दोन बोटं.

पाना_बारा:
गाडी उभी असताना? मग खड्ड्यात अ‍ॅक्सल बंप स्टॉपला (अ‍ॅक्सल अडवणाऱ्या रबराला) लागेपर्यंत किती वर येतो ते मोजा. त्यावर एक इंच तरी मोकळं हवं. आधी इंजिनाची जागा ठरवा, पुठ्ठ्याचे साचे कापा, माउंट सगळ्यात शेवटी. इंजिन वर उचलताना प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलला जाणाऱ्या दांड्याचा) कोनही बघा. गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज आणि अ‍ॅक्सलवरच्या डिफरन्शियलचा फ्लँज समांतर हवेत, नाहीतर थरथर येईल आणि दोष रबराला देत बसाल.

एकसष्ट_नंबर:
जुनं इंजिन देणार का? पंप चालू असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जीपवेडा_कराड:
मोजलं. बंप स्टॉपपर्यंत पावणेतीन इंच, म्हणजे संप ठोकणारच. मागे सरकवलं तर गिअर लिव्हर सीटला अडतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात संप कापून उथळ करून देणारा कुणी माहीत आहे का? तेल कमी बसेल ते बघू नंतर.

यंत्रकिडा:
नंतर नाही. उतारावर तेल ओढणाऱ्या पिकअप नळीने हवा ओढली की बेअरिंग गेली समजा.