गाडगेबाबांचा पुतळा हवाच कशाला?

पेढीकाठ

आमच्या गावात वर्गणी सुरू आहे. 2026 म्हणजे गाडगेबाबांच्या जन्माला दीडशे वर्षं, म्हणून एसटी स्टँडसमोरच्या चौकात त्यांचा पूर्णाकृती पुतळा बसवायचा घाट घातलाय. पोरं पावतीपुस्तक घेऊन घरी आली. मी पाचशेची नोट काढली आणि परत खिशात ठेवली. तेव्हापासून घरात आणि पारावर बोलणी खातोय.

ज्यांनी कुणाला पाया पडू दिलं नाही, नवस आणि कोंबडी-बकरी कापण्यावर कीर्तनात प्रश्न विचारून विचारून समोरच्यांकडूनच 'नाही' वदवून घेतलं, त्यांनाच आपण चौथऱ्यावर चढवायचं? आणि वर्षातून दोनदा हार?

आत्याच्या उपचारासाठी आम्ही दादरच्या धर्मशाळेत राहिलो होतो. गाडगे महाराज मिशनची ती धर्मशाळा, टाटा हॉस्पिटलचे बाहेरगावचे पेशंट तिथं उतरतात. आमच्या शेजारी बिहारकडचं एक जोडपं होतं. नवऱ्याच्या काखेत कायम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, जेवतानासुद्धा ती मांडीवर. एकदा भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून त्यानं मला विचारलं, हे बाबा कोण? मी म्हटलं, ज्यांच्या घरी तुम्ही राहताय ते. तो उठला, चपला काढल्या आणि फोटोसमोर नुसता उभा राहिला.

गावची वर्गणी तिकडे पाठवावी, एवढंच माझं म्हणणं.

रिठा_आणि_सोडा

दादा, तुमची नोट तुमच्याकडेच असू द्या. फक्त एक सांगा. गावात आधीपासून जे पुतळे आहेत, त्यांच्या वेळी तुम्ही पावती फाडली होती की नाही? तेव्हा नाही कुणाला रुग्णांची धर्मशाळा आठवली. परीट आळीतल्या माणसाची पाळी आली की सगळ्यांना एकदम निर्गुण भक्ती सुचते.

माझे आजोबा धुणं घ्यायला घरोघर जायचे. ओसरीच्या खाली उभं राहायचं, गाठोडं वरून टाकलं जायचं. कपडे कडक इस्त्रीचे परत द्यायचे, भाकरी मात्र कालची मिळायची. त्याच रस्त्यावर शेंडगावच्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर नावाच्या परटाच्या पोराचा पुतळा उभा राहिला, तर माझ्या मुलीला मान वर करून बघायला गावात एक जागा होईल. ज्यांना अशा दहा जागा आधीच आहेत, त्यांना अकरावी नको वाटणारच.

चिंचोका

जातीवर जाऊ नका. अडचण वेगळीच आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी, हे सगळं झालं तरी नंतर राखण कोण करणार? एखाद्या रात्री कुणी दगड मारला तर दुसऱ्या दिवशी गाव बंद. मग भोवती जाळी लावायची. ज्या माणसानं 1905 साली घर सोडलं तो कुठल्या भिंतीआड राहिला नाही, त्याला पिंजऱ्यात ठेवणार?

त्यापेक्षा 1956च्या नोव्हेंबरात वांद्र्याला पोलिसांसमोर केलेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ते जयंतीला भोंग्यावर लावा. जेवायचं ताट मोडून हातावर भाकर खा, पण पोराला शाळेत घाला, हे त्यांच्याच आवाजात ऐकू द्या गावाला. दीड महिन्यात गेले हो ते. बाबासाहेब 6 डिसेंबरला, हे 20 डिसेंबरला, वलगावजवळ, रस्त्यातच.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, दोघंबी बराबर बोलून राह्यले, तेच तर अवघड हाय.

मी आपलं पाह्यलेलं सांगतो. सन 2000 च्या टायमाले आबांनी, म्हंजे आर. आर. पाटलांनी, बाबाच्या नावाचं ग्राम स्वच्छता अभियान काढलं. आमचं गाव तालुक्यात बक्षीस घेऊन आलं. समिती येनार म्हनून संडासाले गुलाबी रंग मारला, दारावर तोरन बांधलं. दुसऱ्या साली त्याच संडासात गुरांचं कुटार, म्हंजे भुसा, भरलं होतं, न् लोकं पुन्हा लोटा घेऊन नाल्याकडं. पुतळ्याचं तेच व्हनार. वीस डिसेंबरले झाडू घेऊन फोटो, एकवीसले त्याच चौकात गुटख्याच्या पुड्या.

तिसरी_खोली

तुमच्या गावात कुटार भरलं असेल. आमच्याकडे नाही भरलं. माझी आई पहाटे चारला उठून रस्त्याकडेला जायची, पाऊस असो की थंडी, आणि एखादी गाडी आली की हेडलाइटमध्ये उठून उभं राहायचं. त्या अभियानात घरामागे संडास झाला आणि ते थांबलं. पुरुषांना यातली गंमत दिसते, बायकांना विचारा. सरकारी योजनेला महापुरुषाचं नाव दिलं की सगळे नाक मुरडतात. मला ते नाव तिथं शोभलं असंच वाटतं.

आणि 'बाबांना नाव नको होतं' हे इतकं सरळ नाही. 1954 मध्ये भाऊराव पाटलांनी कराडला कॉलेज काढलं, त्याला बाबांचंच नाव आहे, आणि तेव्हा बाबा हयात होते.

पेढीकाठ

कॉलेजला नाव देणं आणि चौकात धातूचा माणूस उभा करणं यात फरक आहे हो. कॉलेजात पोरं शिकतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी लोकांकडून पै-पैसा मागून बांधली आणि 1949 साली बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली. स्वतःच्या घरच्यांना मात्र तसल्या इमारतीत थारा दिला नाही. त्या हिशेबानं मी बोलत होतो.

पण रिठा यांचा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. हो, मी पावती फाडली होती. दोन वेळा. किती, कशाला, एक शब्द न विचारता. आज मात्र मला वारसा, विचार, आरोग्य सगळं आठवलं. हे मला स्वतःला बरं वाटलं नाही, म्हणून इथं लिहितोय. अर्धपुतळा करून उरलेले पैसे धर्मशाळेला दिले तर?

रिठा_आणि_सोडा

अर्धा का? बाकीचे सगळे पूर्ण आहेत.

धर्मशाळेला वेगळी वर्गणी काढू, त्याला आमच्या आळीतून पहिली पावती माझी. पुतळ्याची ती पुतळ्याला. रविवारी समाजमंदिरात बैठक आहे, दहा वाजता, तुम्ही या आणि हिशेबाची वही तुम्हीच सांभाळा. तुमच्याइतकं खोदून विचारणारं आमच्यात कुणी नाही.

एका बाबतीत मात्र मदत लागेल. मूर्तिकार म्हणतो, डोक्यावर गाडगं जमेल, अंगावरच्या चिंध्या जमतील, पण झाडूच्या काड्या धातूत ओतणं किचकट आणि महाग, हातात काठी देतो. मी म्हटलं काठी नको. तो म्हणतो लांबून कुणाला कळतंय. तुम्ही बोलून बघा त्याच्याशी.