२,५०० रुपये वार्षिक फीचं क्रेडिट कार्ड: दुसऱ्या वर्षी ठेवावं की सोडावं?

रेवती_कोथरूड

नमस्कार. रिवॉर्ड पॉइंटवालं एक क्रेडिट कार्ड आहे. पहिलं वर्ष संपत आलंय, पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये फी लागेल, म्हणून त्याआधीच काय ते ठरवायचंय.

अटी: फी २,५०० अधिक जीएसटी. कार्डाच्या वर्षात ४ लाख खर्च झाला तर फी माफ. दर १५० रुपयांना ४ पॉइंट, पेट्रोलवर काही नाही. बँकेच्या पोर्टलवरून विमान किंवा हॉटेल बुक केलं तर एका पॉइंटचे ५० पैसे, व्हाउचर घेतलं तर ३५ पैसे, बिलात वळते केले तर २० पैसे. रिडीम करताना, म्हणजे पॉइंट वापरताना, दर वेळी ९९ रुपये अधिक जीएसटी. विमानतळावरचं लाउंज आहे, पण आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असेल तरच.

वर्षाचा खर्च: किराणा ८४,०००, ऑनलाइन खरेदी ६०,००० (त्यातले ४०,००० अ‍ॅमेझॉनवर), विम्याचे हप्ते ४२,०००, पेट्रोल ३६,०००, वीज-मोबाइल-गॅस ३०,०००, हॉटेल-औषधं-कपडे ४८,०००. एकूण ३ लाख. बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं. विमानप्रवास वर्षातून एकदा, पुणे-दिल्ली जाऊन-येऊन.

फी वसूल होते का? की राहिलेला १ लाख कसाही खर्च करून फी माफ करून घ्यावी?

हिशोबनीस

रेवतीताई, आकडे नीट दिलेत म्हणून उत्तरही आकड्यांतच देतो.

फी २,५०० नाही, २,९५० धरा. १८ टक्के जीएसटीचे ४५० त्यात येतातच.

तुमच्या ३ लाखांतून पेट्रोल वगळलं की २,६४,००० उरतात. १५० ला ४ पॉइंट म्हणजे ७,०४० पॉइंट. विमानाच्या तिकिटाला वापरले तर ३,५२० रुपये, व्हाउचरला २,४६४, बिलात वळते केले तर फक्त १,४०८. म्हणजे पॉइंट तिकिटाला वापरणार नसाल तर फीसुद्धा निघत नाही, विषय तिथेच संपला.

तिकिटाला वापरले तरी ३,५२० पूर्ण हातात येत नाहीत. पॉइंट प्रत्येक व्यवहारावर १५० च्या पटीत मोजतात. १४९ च्या बिलावर शून्य, २९० च्या बिलावर ४. दर व्यवहारात सरासरी ७५ रुपये असे वाया जातात. वर्षात ३०० व्यवहार झाले तर २२,५०० रुपयांवरचे ६०० पॉइंट, म्हणजे ३०० रुपये गेले. रिडीम करण्याचे ११७ गेले. शिवाय पोर्टलवरचं तिकीट आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचं तिकीट शेजारी-शेजारी उघडून शेवटच्या पानापर्यंत जाऊन किंमत बघा. पोर्टलवर ४०० रुपये जास्त पडले, तर तुमच्या ५० पैशांच्या पॉइंटचे ४४ पैसेच झाले.

आता खरा मुद्दा. बहुतेक लोक ३,५२० मधून २,९५० वजा करतात आणि ५७० चा फायदा झाला म्हणतात. ही तुलनाच चुकीची आहे. हे कार्ड नसतं तर तुम्ही रोख थोडीच दिली असती? एखादं आजीवन मोफत कार्ड वापरलं असतं, आणि त्यानेही काहीतरी दिलंच असतं. तुलना त्याच्याशी करायची.

उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय. फी नाही, प्राइम (अ‍ॅमेझॉनचं सशुल्क सदस्यत्व) असेल तर अ‍ॅमेझॉनवर ५ टक्के, नसेल तर ३, इतर बहुतेक ठिकाणी १. सावध हिशोब करायचा म्हणून विमा आणि वीज-मोबाइल-गॅसवर काहीच मिळत नाही असं धरतो. ४०,००० वर ५ टक्के म्हणजे २,०००. उरलेल्या १,५२,००० वर १ टक्का म्हणजे १,५२०. एकूण ३,५२०. प्राइम नसेल तर २,७२०.

म्हणजे तुमचं फीवालं कार्ड सगळं जमून आलं तर जेवढं देतं, तेवढंच मोफत कार्ड प्राइमसह देतं, आणि तेही थेट रुपयांत. प्राइम नसेल तर फीवालं कार्ड ८०० ने पुढे, पण त्यासाठी २,९५० मोजायचे. तुमच्या खर्चाला ही फी भरू नये.

सावली_नाशिक

हिशोब पटला, पण लाउंज सोडून दिलं. एका भेटीची किंमत सहज हजाराच्या वर असते. जाताना एक, येताना एक, म्हणजे दोन हजार तिथेच वसूल.

हिशोबनीस

सावली, लाउंजची छापील किंमत धरू नका. लाउंज नसतं तर विमानतळावर खाण्यापिण्यावर जे खर्च झाले असते तेवढंच धरा. पुण्याहून पहाटेचं विमान असेल तर चहा आणि इडली-वडा, बाहेर साडेतीनशे-चारशे. दोन वेळचे मिळून ७०० ते ८००. आणि रेवतीताईंच्या कार्डाला आधीच्या तिमाहीच्या खर्चाची अट आहे. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबरचा खर्च मोजणार. ती तिमाही अटीला कमी पडली की लाउंज गेलं.

वर्षाला चार-पाच फेऱ्या असतील आणि जोडीदाराच्या अ‍ॅड-ऑन (तुमच्याच खात्याला जोडलेल्या) कार्डावरही लाउंज मिळत असेल, तर मात्र तुमचं म्हणणं बरोबर. तिथे फी निघते.

कोल्हापुरी_अकाउंटंट

राहिलेल्या १ लाखाबद्दल. फी वाचणार २,९५०. त्यासाठी एरवी न घेतलेली ३,००० ची वस्तू जरी घेतली तरी तोटाच. पुढे येणारा, नक्की ठरलेला खर्च आधी ओढून घेता येत असेल तेवढाच विचार करा: विम्याचा वार्षिक हप्ता, शाळेची फी, ठरलेला फ्रिज.

लोक इथे ज्या वाटा काढतात त्या बहुतेक बंद झाल्यात. अ‍ॅपवरून घरभाडं भरणं बऱ्याच अ‍ॅपनी २०२५ मध्ये बंद केलं; त्याआधीही साधारण १ टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी, १ लाखावर १,१८० जायचे, आणि बऱ्याच बँका भाड्याची रक्कम फीमाफीच्या खर्चात धरतच नाहीत. वॉलेटमध्ये पैसे भरले तरी तेच. रोख काढलेली रक्कम, ईएमआय आणि बँकेचे स्वतःचे आकार सहसा मोजत नाहीत. तुमच्या कार्डाचं अटींचं पान उघडून ‘फीमाफीसाठी पात्र खर्च’ हा परिच्छेद स्वतंत्रपणे वाचा. पॉइंट न मिळणाऱ्या खर्चांची यादी आणि ही यादी एकच असेल असं नाही. काही कार्डांवर पेट्रोलला पॉइंट नसतात, पण फीमाफीला ते चालतं.

वर्ष म्हणजे कार्ड मंजूर झाल्यापासूनचे बारा महिने, जानेवारी ते डिसेंबर नाही आणि एप्रिल ते मार्चही नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत केलेली खरेदी दुकानदाराकडून उशिरा सेटल झाली तर पुढच्या वर्षात जाते. आणि परत केलेल्या वस्तूची रक्कम खर्चातून वजा होते. ४,००,२०० वर थांबून नंतर ८०० चा ड्रेस परत केला की फी लागली. ४ लाखांपेक्षा निदान ५,००० जास्त ठेवा.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची. १ लाख एकदम खर्च करून बिल पूर्ण भरता आलं नाही, तर महिना ३.७५ टक्क्यांनी ३,७५० व्याज आणि त्यावर ६७५ जीएसटी. एका महिन्यात ४,४२५. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. ज्याचं बिल कधीमधी मागे राहतं त्याने फी-पॉइंटचा विचारच करू नये, आधी बाकी संपवावी.

रेवती_कोथरूड

सर्वांचे आभार. प्राइम आहे. यंदा १ लाख ओढूनताणून करत नाही. पण पुढच्या वर्षाचं विचारते: मिस्टरांचा वेगळ्या मोफत कार्डावर साधारण १,१०,००० खर्च होतो, त्यात पेट्रोल नाही. त्यांनी माझ्या कार्डाचं अ‍ॅड-ऑन वापरलं तर एकूण ४,१०,००० होतील आणि फी माफ. मग ठेवावं का?

हिशोबनीस

अ‍ॅड-ऑनचा खर्च मुख्य कार्डातच धरतात, त्यामुळे मार्ग बरोबर आहे. पण आकडे बघा.

सगळं या कार्डावर आणलं तर पेट्रोल सोडून ३,७४,००० वर ९,९७३ पॉइंट, म्हणजे तिकिटाला वापरून ४,९८७ रुपये. फी शून्य. दोघांनी मोफत कार्डंच वापरली तर तुमचे ३,५२० आणि त्यांच्या १,१०,००० वर १ टक्का धरून १,१००, एकूण ४,६२०. फरक ३६७ रुपयांचा. रिडीम करण्याचे ११७ आणि १५० च्या पटीतली गळती काढली की उरतं काय?

अ‍ॅमेझॉनचे ४०,००० मोफत कार्डावरच ठेवून ५ टक्के घ्यायचे म्हटलं तर या कार्डावर ३,७०,००० च होतात आणि फी लागते. ४ लाख गाठायला जिथे ५ टक्के मिळतात तो खर्च १.३३ टक्क्यांच्या कार्डावर आणावा लागतो, हीच या अटीतली मेख. आणि पेट्रोल फीमाफीत धरत नसतील तर ४,१०,००० चे ३,७४,००० होतात, सगळंच गेलं. ३६७ साठी २,९५० पणाला लावू नका.

विमाननगर

फी भरणं योग्य ठरतं अशी एक बाजू राहिली: परदेशातला खर्च. साध्या कार्डावर मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क) ३.५ टक्के, जीएसटी धरून ४.१३. वरच्या श्रेणीच्या कार्डावर २ टक्के, जीएसटीसह २.३६. फरक १.७७ टक्के. परदेशात वर्षाला साधारण १,६७,००० च्या वर खर्च होत असेल तर २,९५० ची फी एवढ्यावरच निघते. मुलगा-मुलगी बाहेर शिकायला असेल तर हा आकडा सहज होतो. पण शून्य मार्कअपची आजीवन मोफत कार्डंही आता मिळतात, आधी ती बघा. आणि तिथल्या मशीनने ‘रुपयांत भरायचं का’ विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा. नाहीतर त्यांचा महागडा दर लागतो आणि मार्कअप वाचवल्याचा काही उपयोग राहत नाही.

पॉइंट साठवून ठेवण्याबद्दलही सांगतो. अटी बदलतात. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डाची वार्षिक फी १ सप्टेंबर २०२३ पासून १०,००० ची १२,५०० झाली, फीमाफीची मर्यादा १५ लाखांवरून २५ लाखांवर गेली आणि महिन्याला १ लाख खर्चावर मिळणारे २५,००० पॉइंट बंद झाले. दोन वर्षं साठवून मोठी सहल काढू असं ठरवणाऱ्यांचं गणित अशा वेळी कोलमडतं. पॉइंट दर वर्षी वापरून टाका.

कोल्हापुरी_अकाउंटंट

रेवतीताई, सोडायचं ठरलं असेल तर क्रम असा ठेवा.

आधी बंद करा म्हणू नका. फी लागण्याच्या आधी, म्हणजे आत्ताच, कस्टमर केअरला ईमेल करा की फी माफ होत नसेल तर कार्ड बंद करायचं आहे. बऱ्याचदा बँक काहीतरी देऊ करते: पूर्ण माफी, फीएवढे पॉइंट, किंवा ६०-९० दिवसांत ठरावीक खर्च केला तर फी परत. फोनवर कबूल केलं तरी ईमेलवर लेखी मागा आणि सर्व्हिस रिक्वेस्ट क्रमांक जपून ठेवा. फी परत आली की स्टेटमेंटमध्ये २,५०० आणि ४५० अशा दोन्ही नोंदी जमा झाल्यात का ते तपासा. जीएसटीची नोंद राहून गेली तर तेवढ्यासाठी पुन्हा लिहा.

माफी नाही मिळाली तर त्याच बँकेच्या मोफत कार्डात बदलून द्या म्हणून विचारा. क्रेडिट मर्यादा टिकते, त्यामुळे सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) मर्यादेच्या तुलनेत वापराचं प्रमाण एकदम वाढत नाही. १ लाखाच्या मर्यादेत २५,००० वापरणं आणि ४ लाखांत २५,००० वापरणं यात फरक आहे.

तेही नाही झालं तर बंद करा. त्याआधी पॉइंट वापरा, कार्ड बंद झालं की ते सहसा जातात. ओटीटी, मोबाइल, विमा यांचे ऑटो-पे दुसऱ्या कार्डावर हलवा. चालू ईएमआय असेल तर संपवा. बाकी शून्य करा आणि मगच विनंती लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बाकी नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. त्यानंतर बँकेला दर दिवशी ५०० रुपये दंड म्हणून ग्राहकाच्या पदरात टाकावे लागतात. ईमेलमध्ये तारीख आणि हा नियम दोन्ही लिहिलेलं बरं.

दरम्यान फी स्टेटमेंटमध्ये आलीच तर वाद चालू आहे म्हणून ती न भरता ठेवू नका. ड्यू डेटच्या आत पूर्ण भरा, परतफेड मागाहून जमा होते. न भरलेल्या २,९५० वर लेट फी, व्याज आणि सिबिलमध्ये थकबाकीची नोंद, हे पुसून काढायला फार त्रास होतो. बंद झाल्यावर ‘नो ड्यूज’चं पत्र मागून घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्टमध्ये खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का ते बघा.

रेवती_कोथरूड

ईमेल आजच पाठवते. ७,०४० पॉइंटचं दिल्लीचं तिकीट आधी बुक करते, दोन्हीकडची किंमत बघून.

हिशोबनीस

तिकिटाची पूर्ण रक्कम पॉइंटमधून घेतात का तेही बघा. बऱ्याच बँका ठरावीक टक्केच घेतात, उरलेले कार्डावर भरावे लागतात. ती रक्कम बिलात येऊन भरून झाल्याशिवाय बंद करण्याची विनंती देऊ नका. आणि तिकीट रद्द होण्याची शक्यता असेल तर पॉइंटने बुक करू नका, कार्ड बंद झाल्यावर परतावा अडकतो. अशा वेळी ३५ पैशांनी व्हाउचर घेऊन मोकळं व्हा.