सवय कुणाची उचलली, का उचलली? – अनुभव धागा

माडाखालची:
कपाट आवरताना जुना पेडोमीटर सापडला नि दहा हजार पावलांचं ते खूळ आठवलं. हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या यंत्राचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. कारण तपासून लावलेल्या सवयी लिहा. कृती नेमकी हवी, 'मन खंबीर ठेवा' छाप नको.

तिरफळ:
पाचला उठायचंय म्हणून थेट पाचचा गजर लावू नये. सातला उठत असाल तर दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. रात्रीचं जेवण आणि झोपही तेवढीच अलीकडे. दोन तासांसाठी असे आठ टप्पे, म्हणजे साधारण महिना. लोक उठायची वेळ तेवढी उचलतात, झोपायची नाही. मग दुपारी दोन तास वसुली आणि रात्री टक्क जागे. दुपारी वीस मिनिटं, तीही तीनच्या आत.

अर्धाकप:
चहाची साखर: दर आठवड्याला पाव चमचा कमी. चमचा तोच आणि सपाट भरलेला. एकदम बंद केली की चौथ्या दिवशी बिस्किटं वाढतात 😄

पोयप्रेमी:
२१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनमध्ये यावर अभ्यास झाला, त्यात ९६ जण होते. मधला आकडा ६६ दिवस, पण माणसागणिक १८ ते २५४. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.
खूण मात्र नीट निवडा. 'पोदेराचा (दारोदार येणाऱ्या गोव्यातल्या पाववाल्याचा) भोंपू वाजला की व्यायाम' ऐकायला झकास, पण पोदेर सुट्टी घेतो. त्यापेक्षा 'चहाचं भांडं गॅसवर ठेवलं की दहा उठाबशा'. चहा कधी चुकत नाही.

वाडोकार:
आमच्याकडे पोदेर आठाशिवाय येतच नाही. मग न्याहारीच्या पोयी (गोव्याचे पाव) कसल्या, दुपारचं जेवणच.

पोयप्रेमी:
@वाडोकार तुमच्या वाड्यावर कुत्रे फार, तो घाबरत असेल 😂

मांडवीकाठ:
तांब्याच्या भांड्यातलं पाणी. शेजारी ठेवतात म्हणून आपणही, इथवर ठीक. पण त्यातच लिंबू पिळून ठेवणारे पाहिलेत. आंबटाने तांबं पाण्यात उतरतं, मळमळ होते. रात्रभर नुसतं पाणी, लिंबू सकाळी काचेच्या पेल्यात. सोलकढीही तांब्याच्या भांड्यात ओतू नये. भांडं हिरवट झालं की भिजवलेली आमसुलं आणि मीठ लावून घासा, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

माडाखालची:
@मांडवीकाठ चिंचेपेक्षा आमसुलाने लवकर निघतं का?

मांडवीकाठ:
दोन्हीने निघतं. पण आमसुलाचे डाग कपड्याला लागतात, जुना गाऊन घाला.

बल्कांव:
मिरामारला (पणजीच्या किनाऱ्यावर) चालणाऱ्यांची सवय जूनमध्ये मोडते, कारण पावसाची सोय आधी ठरवलेली नसते. मे महिन्यातच ठरवा: पाऊस असेल तर त्याच वेळी, त्याच चपला घालून बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) पंधरा मिनिटं फेऱ्या. वेळ तीच, जागा तेवढी बदलायची. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे मात्र फेऱ्या नकोत. शेवाळ ब्रशने खरवडून काढा, नुसत्या पाण्याने जात नाही.

वाडोकार:
शेवाळावरून आठवलं, कौलांवरचं काढायला कुणी माणूस माहीत आहे का? फोंड्याकडचा असला तर बरं.