एसटीएम जाणकारांची मदत हवी आहे: ग्राफाइटवरची षटकोनी जाळी रेणूंची की ग्राफाइटचीच?

नमस्कार मंडळी,

मी रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. पृष्ठभागावर आपणहून रचले जाणारे सेंद्रिय रेणूंचे थर हा विषय. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपवर (एसटीएम, बारीक सुईने पृष्ठभागाचे अणू-रेणू दाखवणारं यंत्र) काम करणारं आमच्या विभागात सध्या दुसरं कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

एचओपीजी (अतिशय सुव्यवस्थित थरांचं) ग्राफाइट सेलोटेपने सोलून घेते, ताज्या पृष्ठभागावर नोनॅनोइक ॲसिडमधल्या ट्रायमेसिक ॲसिडच्या संपृक्त द्रावणाचा थेंब टाकते आणि प्लॅटिनम-इरिडियमची टिप (यंत्राची सुई) थेंबात बुडवूनच स्कॅन करते. बायस (टिप आणि ग्राफाइटमधला व्होल्टेज) साधारण 1 व्होल्ट, करंट 100 पिकोॲम्पिअरच्या आसपास.

चित्रात षटकोनी जाळी येते, अंतर सुमारे 1.6 नॅनोमीटर. ट्रायमेसिक ॲसिडच्या रेणूची 'चिकन-वायर' (कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी) रचना नेमकी याच मापाची असते. तरीही मला खात्री वाटत नाही. ग्राफाइटचा वरचा पापुद्रा खालच्यावर साधारण साडेआठ अंशांत फिरलेला असेल, तर 0.246 नॅनोमीटरच्या मूळ जाळीतून तयार होणारी मोआरे नक्षीही (दोन जाळ्या एकमेकींवर तिरक्या पडल्या की दिसणारी मोठी नक्षी) 1.65 नॅनोमीटरचीच येते, गणित करून बघितलं. शिवाय नुसत्या ग्राफाइटवरही डीएनएसारखे आकार दिसतात, हे क्लेमर आणि बीब या संशोधकांनी 1991 मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे हे चित्र पेपरात घालायला मन धजत नाही.

चिकन-वायरमध्ये मधली भोकं काळी आणि कडा उजळ दिसायला हव्यात. माझ्याकडे बऱ्याचदा नुसते उजळ ठिपकेच येतात, आणि टिप बोथट असेल तर दोन्ही नक्षी तशाच दिसणार. म्हणून बायस 50 मिलिव्होल्टपर्यंत उतरवून करंट वाढवला. टिप खाली गेली, ग्राफाइटचे अणू स्वच्छ दिसले, पण मोठ्या जाळीची पुसट लहर त्यांच्यावर राहिलीच. बायस पूर्ववत केल्यावर जाळी पुन्हा तिथेच.

आता माझी अडचण: ही पुसट लहर मोआरेचा पुरावा धरायची, की टिपखाली काही रेणू टिकून राहिल्याने ती येऊ शकते? आणि बायस एकाच फ्रेमच्या मध्यावर बदलावा की लागोपाठ दोन फ्रेम घ्याव्यात? थर्मल ड्रिफ्टमुळे (तापमानातल्या बदलाने नमुना टिपखाली हळूहळू सरकतो) दोन फ्रेमची तुलना करताना कोनावर भरवसा ठेवता येत नाही, आणि मोआरेचा निकाल तर कोनावरच लागायचा.

दुसरा मार्ग सुचतो तो द्रावक बदलायचा. ब्युटॅनोइक ॲसिडसारख्या आखूड साखळीच्या आम्लात हाच रेणू 'फ्लॉवर' नावाची वेगळी रचना करतो. द्रावक बदलल्यावर जाळी बदलली तर ती रेणूंचीच, हे मला सगळ्यात पटतं. पण त्याचा थेंब नोनॅनोइकपेक्षा लवकर उडतो आणि खवट लोण्याचा वास अख्ख्या लॅबभर पसरतो. उघड्या हवेतल्या यंत्रावर कोणी हे केलंय का? थेंब टिकवायला काय करता?

कच्ची चित्रं, फिल्टर न लावलेली, मागितल्यास लगेच देते. आगाऊ धन्यवाद.