मदत हवी आहे: टीएसएच वाढलेला, पण वजन घटतंय. थायरॉइड की अ‍ॅड्रिनल?

रानजाई

वहिनींसाठी विचारते आहे. वय ३४. खूप थकवा, सकाळी मळमळ, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, केस गळणं, पाळी अनियमित. भूक जवळपास मेलीच आहे, वजन सहा किलोंनी उतरलंय. रंगही काळवंडलाय, उन्हात फारसं जाणं नसताना.

रिपोर्ट असे:
टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ७.८ (संदर्भ ०.४ ते ४.५)
एफटी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) ०.९८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर (संदर्भ ०.८ ते १.८)
सोडियम १२९, पोटॅशियम ५.५
उपाशीपोटी साखर ६८
क्रिएटिनिन नॉर्मल, हिमोग्लोबिन ११.२
रक्तदाब ९६/६२

थायरॉइड मंदावलाय असं सांगून लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम लिहून दिली आहे. उद्या सकाळपासून सुरू करायची. पण थायरॉइड मंद असला तर वजन वाढतं ना? शोधताना अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा (मूत्रपिंडांवर असते ती) उल्लेख सापडला. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा आणि कोणत्या तपासण्या मागायच्या?

ग्रंथीपुराण

उद्याची गोळी घेण्याआधी, म्हणजे आजच, डॉक्टरांना फोन करा आणि सरळ विचारा: "सोडियम १२९, पोटॅशियम ५.५, वजन घटतंय, रंग काळवंडलाय. कॉर्टिसोल बघितल्याशिवाय थायरॉक्सिन सुरू करायची का?" बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

घाई अशासाठी की थायरॉक्सिनमुळे (तुमची लेव्होथायरॉक्सिन तीच) शरीराची कॉर्टिसोलची, म्हणजे अ‍ॅड्रिनलमधून येणाऱ्या संप्रेरकाची, गरज वाढते आणि असलेलं कॉर्टिसोलही यकृतात लवकर मोडतं. अ‍ॅड्रिनल आधीच कमी पडत असेल तर जेमतेम पुरणारा साठा अपुरा पडतो. मग उलट्या, रक्तदाब कोसळणं, शुद्ध हरपणं, म्हणजे अ‍ॅड्रिनल क्रायसिस. म्हणून दोन्ही ग्रंथींची शंका असेल तेव्हा क्रम ठरलेला: आधी स्टिरॉइड (कॉर्टिसोलच्या जागी देतात ते औषध), मग थायरॉक्सिन. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर माणूस सुधारण्याऐवजी खालावत गेला, तरीही पहिला संशय अ‍ॅड्रिनलवरच घ्यायचा.

आता टीएसएच. कॉर्टिसोल पिट्युटरीतून (मेंदूखालच्या ग्रंथीतून) निघणाऱ्या टीएसएचला थोडा लगाम घालतं. कॉर्टिसोल संपलं की लगाम सुटतो आणि थायरॉइड ठणठणीत असतानाही टीएसएच ५ ते १० च्या घरात दिसू शकतो, एफटी४ नॉर्मल राहून. तुमचा रिपोर्ट तंतोतंत तसा आहे. स्टिरॉइड सुरू झाल्यावर असा टीएसएच बऱ्याचदा आपोआप खाली येतो. मात्र दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असणंही अजिबात दुर्मीळ नाही, कारण दोन्हींमागे बहुधा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला असतो.

थकवा, केस गळणं, पाळी बिघडणं, उदास वाटणं ही लक्षणं दोन्हींकडे असतात. त्यांच्यावरून काहीच ठरत नाही, ती बाजूला ठेवा. ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

वजन आणि भूक: थायरॉइड मंद असेल तर भूक कमी असूनही वजन वाढतं किंवा निदान तेवढंच राहतं. अ‍ॅड्रिनल कमी पडत असेल तर वजन घटतं. मळमळ, पोटदुखी, कधी जुलाब. थायरॉइडमध्ये बद्धकोष्ठता.

रक्तदाब आणि नाडी: मंद थायरॉइडमध्ये नाडी संथ आणि खालचा रक्तदाब थोडा चढा. अ‍ॅड्रिनलमध्ये दोन्ही आकडे कमी, आणि उभं राहिल्यावर आणखी कमी.

त्वचा: थायरॉइडची त्वचा कोरडी, फिकट, गार, चेहरा सुजरा, भुवयांची बाहेरची टोकं विरळ, आवाज घोगरा. अ‍ॅड्रिनलमध्ये रंग गडद होतो. मूळ दोष अ‍ॅड्रिनलमध्ये असेल तर पिट्युटरी एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला चालना देणारं संप्रेरक) भरमसाट सोडते, आणि ते त्वचेतल्या रंगपेशींनाही चालना देतं. बघायचं कुठे, तर तळहातांच्या रेषा, बोटांचे सांधे, कोपर, हिरड्या, गालांची आतली बाजू आणि अलीकडच्या जखमांचे व्रण. मूळ वर्ण सावळा असेल तर नुसत्या चेहऱ्यावरून कळत नाही. हिरड्यांवर थोडा रंग अनेकांना जन्मापासून असतो, त्यामुळे "आधी नव्हता, आता आलाय" हे महत्त्वाचं.

क्षार: मंद थायरॉइडमध्येही सोडियम थोडं उतरू शकतं, म्हणून एकट्या सोडियमवर जाऊ नका. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, ही जोडी मात्र अल्डोस्टेरॉन (मीठ आणि पोटॅशियमचा तोल राखणारं संप्रेरक) कमी असल्याची खूण आहे, आणि ते अ‍ॅड्रिनलमध्येच तयार होतं. साखर कमी असणं त्याच दिशेला बोट दाखवतं. मीठ खावंसं वाटतं का, हेही विचारा.

तीन गोष्टी सांगा: (१) गेल्या वर्षभरात कुठल्याही रूपात स्टिरॉइड घेतलंय का? गोळ्या, सांध्यातलं इंजेक्शन, दम्याचा पंप, गोरेपणाचं क्रीम, नाव नसलेली पुडी, सगळं मोजायचं. (२) सध्या कोणत्या गोळ्या? (३) आडवं आणि उभं राहून रक्तदाब किती?

तिसऱ्यासाठी पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब आणि नाडी घ्या. मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती खरी घसरण. शेजारी कुणीतरी उभं राहा, चक्कर आली तर लगेच आडवं करा.

लॅबवाला

नमुन्याबद्दल लिहितो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारास द्यायचं. ते पहाटे वाढतं आणि दिवसभर उतरत जातं. संध्याकाळचा ४ हा आकडा निरोगी माणसाचाही असू शकतो. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपून उठण्याच्या वेळेनुसार द्यावं आणि फॉर्मवर तसं लिहावं. सकाळचं कॉर्टिसोल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असेल तर अ‍ॅड्रिनल कमी पडतेय हे जवळजवळ नक्की. १५ ते १८ च्या वर असेल तर बहुधा नाही. मधल्या आकड्यांना उत्तेजन चाचणी लागते: कृत्रिम एसीटीएच २५० मायक्रोग्रॅम टोचून ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसोल. जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर १८ ही सीमा धरत, नव्या नेमक्या पद्धतींवर ती १४-१५ च्या आसपास येते. प्रयोगशाळेला तिची सीमा विचारून घ्या.

एसीटीएच फार नाजूक. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, लगेच बर्फात, लवकर प्लाझ्मा वेगळा. गरम गाडीतून फिरलेल्या नमुन्यात ते खोटं कमी येतं, आणि मग दोष पिट्युटरीत आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्याला एसीटीएच देऊ नका.

पोटॅशियमही एकदा ताजं तपासा. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी ते वाढलेलं दिसतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढतं.

आणि बायोटिन! केसांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलीग्रॅम असतं. अनेक यंत्रांच्या रसायनात बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन गोंधळ घालतं: टीएसएच खोटा कमी, एफटी४ आणि कॉर्टिसोल खोटे जास्त. किमान दोन दिवस बंद ठेवून मग रक्त द्या. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळेही एकूण कॉर्टिसोल फुगतं.

चौकसबुद्धी

ही सरळसरळ अ‍ॅड्रिनल फटीग वाटते. ताणामुळे ग्रंथी दमते. लाळेतलं चार वेळचं कॉर्टिसोल करून अ‍ॅड्रिनल सपोर्टच्या कॅप्सूल सुरू कराव्यात. रक्ताच्या तपासणीत हे पकडलंच जात नाही.

ग्रंथीपुराण

@चौकसबुद्धी, नाही. ताणाने ग्रंथी "दमते" याला पुरावा नाही. २०१६ साली त्यावरच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही असा आजार सिद्ध झाला नाही. इथे तर सोडियम १२९ आहे. ही दमलेली ग्रंथी नव्हे, बंद पडत चाललेली ग्रंथी असू शकते, आणि ती रक्तातच पकडली जाते. त्या कॅप्सूलचा धोका वेगळाच. अशा काही उत्पादनांत लेबलवर न लिहिलेलं थायरॉइड संप्रेरक आणि स्टिरॉइड सापडलं आहे. म्हणजे घेताना बरं वाटतं, खरी ग्रंथी झोपी जाते आणि बंद केल्यावर माणूस कोसळतो. कृपा करून या धाग्यावर तो सल्ला नको.

रानजाई

सगळ्यांचे आभार. उत्तरं:
स्टिरॉइड कुठल्याही रूपात नाही. केसांसाठी बायोटिन १० मिलीग्रॅम रोज चालू आहे. बाकी गोळ्या नाहीत.
तळहातांच्या रेषा आणि बोटांचे सांधे स्पष्ट काळे दिसतात, जुन्या फोटोत तसे नाहीत. हिरड्यांवर डाग आहेत.
आडवं १०४/६६, नाडी ८४. उभं राहून एक मिनिटाने ८०/५४, नाडी ११८. तीन मिनिटं उभं राहवलं नाही.
दुपारपासून दोनदा उलटी झाली आहे. उद्या सकाळी आठला कॉर्टिसोल देऊ का?

ग्रंथीपुराण

उद्या नाही. आत्ता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. गाडी वहिनींनी चालवायची नाही. दारातच सांगा: "अ‍ॅड्रिनल क्रायसिसची शंका आहे", आणि हे रिपोर्ट हातात द्या.

तिथे साधारण हे होईल: कॉर्टिसोल, एसीटीएच, क्षार आणि साखर यांसाठी रक्त काढून घेतील आणि निकालाची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅम शिरेतून देतील. सोबत सलाइन, पहिल्या तासात साधारण एक लिटर. साखर कमी असेल तर ग्लुकोज. पुढचे २४ तास मिळून हायड्रोकॉर्टिसोन २०० मिलीग्रॅम. आठ वाजण्याचा नियम धडधाकट माणसासाठी आहे. इतक्या आजारी माणसाचं कॉर्टिसोल कुठल्याही वेळी उंच असायला हवं, ते कमी निघालं तर तेवढं पुरेसं बोलकं असतं.

लॅबवाला

बायोटिनचं तिथे आवर्जून सांगा. कॉर्टिसोल चुकून "बरं" आलं तर त्यावर विसंबून उपचार थांबायला नकोत.

मधुमालती

मध्येच विचारते, माफ करा. माझं उलट आहे. वजन वाढतंय, चेहरा गोल झालाय, टीएसएच ३.१. मग अ‍ॅड्रिनल जास्त काम करतेय का?

पारिजात

@मधुमालती, बहुतेक वेळा वजनवाढीमागे यांपैकी काहीच नसतं. कॉर्टिसोल जास्त असल्याचा संशय कधी घ्यायचा? पोट सुटतंय पण हातपाय बारीक होताहेत, एक सेंटिमीटरहून रुंद जांभळे पट्टे उमटलेत, किरकोळ धक्क्याने काळंनिळं होतं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठवत नाही. असं असेल तर रात्री अकराला डेक्सामेथासोन (कॉर्टिसोल दाबणारं स्टिरॉइड) १ मिलीग्रॅम आणि सकाळी आठला कॉर्टिसोल. ते १.८ च्या खाली दबलं की शंका बहुतेक मिटते. ही चाचणी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच करा. सकाळचं साधं कॉर्टिसोल यासाठी निरुपयोगी आहे. टीएसएच ३.१ नॉर्मल. पुढचं वेगळ्या धाग्यावर विचारलंत तर बरं, इथे गुंता होईल.

रानजाई

दाखल केलं होतं, आता घरी आहेत. कॉर्टिसोल १.९, एसीटीएच संदर्भाच्या कितीतरी पट जास्त. अ‍ॅडिसन आजार, म्हणजे अ‍ॅड्रिनलच निकामी, असं निदान. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १० मिलीग्रॅम, दुपारी ५ मिलीग्रॅम, संध्याकाळी ५ मिलीग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन (अल्डोस्टेरॉनच्या जागी) ०.१ मिलीग्रॅम. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आलंय. थायरॉइडची गोळी तूर्त नको म्हणाले. मग ती कधी? आणि घरी काय सांभाळायचं?

ग्रंथीपुराण

वेळेवर पोचलात, छान झालं.

थायरॉइड: स्टिरॉइड नीट बसल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि एफटी४ परत, बायोटिन बंद ठेवून. टीएसएच उतरला तर गोळी नको. पण अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असल्याने वर्षातून एकदा तरी बघत राहायचं. टीएसएच १० च्या वर टिकला किंवा एफटी४ घसरला तर थायरॉक्सिन कमी मात्रेने सुरू करतील. तेव्हा स्टिरॉइडची मात्राही पुन्हा जुळवावी लागू शकते. अ‍ॅडिसनचं कारण शोधण्यासाठी २१-हायड्रॉक्सिलेज प्रतिपिंड (अ‍ॅड्रिनलविरुद्धचं) तपासतात. ते निगेटिव्ह आलं तर ग्रंथीचा सीटी स्कॅन. क्षयरोग हे आजही एक कारण आहे, १८५५ साली थॉमस अ‍ॅडिसन यांनी वर्णन केलेल्या रुग्णांतही तो होताच. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि बी१२ सुद्धा करून घ्या, कारण पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि बी१२ची कमतरता स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याच्या याच कुळातली.

घरी: सकाळची गोळी जाग आल्याबरोबर. शेवटची झोपेच्या चार ते सहा तास आधी, नाहीतर झोप उडते. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, ३९ च्या वर तिप्पट, बरं वाटेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढंच. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. तीही पडली तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅम मांडीच्या स्नायूत टोचायचं आणि रुग्णालय गाठायचं. इंजेक्शनची कुपी आणि सिरिंज घरात हवी, टोचायला दोघांनी शिकून घ्यायचं. हे सगळं तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, मात्रा त्यांचीच अंतिम.

शस्त्रक्रिया, दात काढणं, बाळंतपण यांआधी स्टिरॉइडबद्दल सांगायचंच. पाकिटात कार्ड: "अ‍ॅड्रिनल अपुरेपणा, स्टिरॉइडवर अवलंबून, आपत्काळात हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलीग्रॅम तातडीने." गोळ्या संपत आल्या असं कधीही होऊ द्यायचं नाही.

पारिजात

पुढे हा धागा शोधून येणाऱ्यांसाठी एक भर. एफटी४ कमी आणि तरीही टीएसएच कमी किंवा "नॉर्मल" असेल तर दोष पिट्युटरीत शोधा. तिथे अ‍ॅड्रिनलला एसीटीएचच पोचत नाही, म्हणून रंग गडद होत नाही, उलट फिकट पडतो. अल्डोस्टेरॉनचं नियंत्रण वेगळं असल्याने पोटॅशियमही नॉर्मल राहतं. बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव, नंतर दूध न येणं आणि पाळी परत सुरू न होणं असा इतिहास असेल तर नक्कीच. नुसता टीएसएच करून "थायरॉइड नॉर्मल" म्हटलेले हे रुग्ण हमखास सुटतात. तिथेही कॉर्टिसोल आधी, थायरॉक्सिन नंतर.

रानजाई

कार्ड आजच बनवते. इंजेक्शन शिकवायला परिचारिका तयार आहेत. टीएसएचचा पुढचा रिपोर्ट आला की इथेच टाकेन.